काचेआडची जपानी गाडी

लातूरला एका क्लासची चार मजली इमारत आहे. आत शिरलं की डाव्या हाताला फी भरायची खिडकी, उजव्या हाताला डॉक्टरकीला लागलेल्या मुलांचे फोटो आणि समोर, जिथे दुसऱ्या कुणी गणपती बसवला असता, तिथे एक काचेची खोली. त्या खोलीत चौथऱ्यावर एक जुनी लाल मोटरसायकल उभी आहे. खाली पाटी आहे: 'भूकंपाच्या दिवसांत सरांनी याच मोटरसायकलवरून गावोगावी मदत पोचवली.' परीक्षेला जाण्याआधी पोरं त्या काचेला हात लावून नमस्कार करतात. ती मोटरसायकल माझी होती. आणि ते सर भूकंपाच्या दिवसांत लातूरमध्ये नव्हतेच.

हे मी रागाने लिहितो आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको की मास्तरांचा तोल गेला. तोल गेलेलाच आहे.

गाडी मुळात वडिलांची. ते नांदेड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात फिटर होते. मशिनरी बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर काम संपवून निघाला तेव्हा त्याने आपली जपानी मोटरसायकल वडिलांना देऊन टाकली. परत न्यायला ती परवडणारी नव्हती आणि वडिलांनी दोन वर्षं त्याला घरचं जेवू घातलं होतं. दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर, टाकीच्या दोन्ही बाजूंना चकाकता पत्रा आणि गुडघे टेकायला रबर. सगळ्यात मोठं नवल म्हणजे बटण. किक मारायची गरज नाही, अंगठ्याने बटण दाबलं की गाडी सुरू. त्या काळात आमच्याकडे लोक ते बटण बघायला यायचे आणि मी फुशारकीने दाबून दाखवायचो. अख्ख्या मराठवाड्यात तशी दुसरी गाडी मी पाहिली नाही. सगळे तिला नुसतं 'जपानी' म्हणायचे.

जपानीचे पार्ट कुठेच मिळत नसत. ती जिवंत राहिली ती नांदेडच्या इतवाऱ्यातल्या एका मिस्त्रीमुळे. त्यांना सगळे उस्ताद म्हणत, मीही म्हणायचो. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात मोटारी दुरुस्त केल्या होत्या, त्यामुळे उस्तादांना कुठल्याच परदेशी यंत्राची भीती वाटत नसे. एखादा बुश झिजला तर ते लेथवर नवा काढून आणायचे. गॅस्केट जाड कागदातून कातरायचे. गाडी सुरू करून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. मग ते म्हणायचे, "डाव्या अंगाची टॅपिट जरा बोलून राहिली." आणि टॅपिट खरंच बोलत असायची. त्यांची एकच अट होती. "सर, हिला बंद ठेवू नका. आठवड्याला एकदा तरी चालू करा. बंद पडलेलं इंजिन जाम होतं, मग अल्ला मालिक."

वडिलांमागे गाडी माझ्याकडे आली आणि मी ती लातूरला आणली. तिथे एका कॉलेजात मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत होतो. खोलीत जोडीदार होता गणिताचा शिक्षक, नायगावकडच्या शेतकऱ्याच्या घरचा. हाच तो मित्र, आताचे सर. हुशार, बोलघेवडा, समोरच्याला दोन मिनिटांत आपलंसं करणारा. एक ताट, एक स्टोव्ह, एकमेकांचे शर्ट घालायचो आम्ही.

त्याच्या घरी बुलेट होती. त्या काळच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. जपानीचं नेमकं उलट. एकदा हौसेने त्याने माझी गाडी घेतली, चौकात समोर केळीचा गाडा आला, पठ्ठ्याने ब्रेक म्हणून डावा पाय दाबला आणि गिअर बदलून थेट केळ्यांत शिरला. केळीवाल्याने त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. त्या दिवसानंतर त्याने जपानीच्या हँडलला हात लावला नाही. कुठे जायचं असलं की म्हणायचा, "तू चालव, मी मागं बसतो."

मग भूकंप झाला. गणपती विसर्जनानंतरची पहाट होती. लातूरच्या आमच्या खोलीतली भांडी खाली पडली, आम्ही रस्त्यावर आलो. उजाडल्यावर बातम्या यायला लागल्या की औशाच्या पुढे गावंच्या गावं बसली आहेत. मित्र पहिल्या एसटीने नायगावला गेला. त्याची आई एकटी होती, घाबरली असणार. ते बरोबरच केलं त्याने. त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला उस्ताद दारात उभे. नांदेडहून एका ट्रकमध्ये बसून आले होते. पायात चप्पल नव्हती.

"सर, जपानी द्या. बहीन दिलेली हाय तिकडं."

"मी येतो ना बरोबर."

"बसा मागं."

गाडी त्यांनीच चालवली. रस्त्यावर जीपा, ट्रक, बघे, पोलीस, सगळं अडकलेलं. आम्ही वावरातून, पांदीतून काढली. दुपारनंतर पाऊस सुरू झाला आणि ती काळी माती चाकांना धरायला लागली. माझ्या हातात गाडी असती तर पहिल्या ओढ्यातच आडवी झाली असती. उस्ताद तिच्याशी बोलत चालवत होते, हलक्या आवाजात, मला नीट ऐकू येत नव्हतं.

गावात घर असं काही उरलं नव्हतं. दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचं धाबं, सगळं एका ढिगात. एका म्हाताऱ्याने ढीग दाखवला. आम्ही हातांनी दगड उपसले. दिवस मावळायच्या आत बहीण सापडली, तिच्याजवळच तिचा नवरा. उस्ताद रडले नाहीत. त्यांनी आपल्या खांद्यावरचा रुमाल तिच्या तोंडावर टाकला आणि मला म्हणाले, "सर, जरा तिकडं बघा." मी तिकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दफन झालं.

मला वाटलं, आता ते नांदेडला जातील. ते जपानीची चाकं काडीने खरवडत बसले होते. म्हणाले, "गाडी हाय, मी हाय. डॉक्टर लोक रस्त्यावर अडकून राहिलेत. घरी जाऊन काय करू?" मग आठ दिवस आम्ही तेच केलं. डांबरी रस्त्यापर्यंत आलेली औषधं, सलाइनच्या बाटल्या, ब्लीचिंग पावडर आतल्या गावांत न्यायची. ते पुढे, मी मागे मांडीवर खोकी धरून. डॉक्टरांना न्यायचं असलं की मी खाली उतरायचो. आठ दिवसांत हँडल एकदाही माझ्या हातात नव्हतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो. गाडी एकदाही बंद पडली नाही.

मित्र नंतर परतला. मी त्याला एका दुपारी सगळं सांगितलं. तो फार मन लावून ऐकत होता. कुठला ओढा, म्हातारा काय म्हणाला, सलाइनची खोकी कशी बांधली, खोदून खोदून विचारत होता. उस्तादांच्या रुमालाचं सांगताना माझा आवाज गेला तेव्हा त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची मला पुढे कितीतरी वर्षं किंमत वाटली.

त्यानंतर लातूर बदललं. बाहेरगावची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरायला लागली, घरोघरी खोल्या भाड्याने लागल्या, शिकवण्यांच्या पाट्यांनी भिंती भरल्या. मित्राने नोकरी सोडून पत्र्याच्या शेडमध्ये क्लास काढला. पहिली काही वर्षं सकाळी मीही तिथे शिकवलं. मग मी कॉलेजातच राहिलो आणि तो वाढत गेला. मला हेवा वाटला नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण मैत्री होती. सणावाराला जाणं-येणं होतं. माझ्या मुलीला तो 'आमची डॉक्टरीण' म्हणायचा. जपानी माझ्या अंगणात पत्र्याखाली असायची, रविवारी मी तिला फिरवायचो आणि तीन-चार महिन्यांनी उस्ताद नांदेडहून येऊन कान लावून जायचे.

मुलगी दहावीला होती त्या वर्षी गाडीचं पासिंग संपत आलं. मित्र म्हणाला, "तू कुठं चकरा मारतो? माझा एजंट हाय, कागद दे. गाडी पण दे, रंग उडालाय, उस्तादांकडूनच करून घेतो." मी गाडी दिली. चार दिवसांनी एजंट घरी फॉर्म घेऊन आला. आमच्याकडे या कामाची एक रीत आहे. फॉर्म कोरे असतात, जिथे सही पाहिजे तिथे एजंट पेन्सिलने बारीक फुली मारून आणतो आणि आपण फुलीवर सही करत जायचं. बाकीचं तो भरतो. वाचत बसणारा माणूस संशयी समजला जातो, आणि मित्राच्या माणसासमोर कोण संशयी दिसणार? मी उभ्या उभ्या सात फुल्यांवर सात सह्या केल्या. एजंटला चहा पाजला. प्रश्न दोनदा वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका, असं मी पोरांना आयुष्यभर बजावत आलो. त्या सातांतल्या काही सह्या टीटी फॉर्मवर होत्या, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर.

दोन महिन्यांनी नव्या इमारतीच्या उद्घाटनाचं आमंत्रण आलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि आत शिरताच समोर जपानी दिसली, काचेआड, लिपस्टिकसारख्या लाल रंगात, चकाकत्या पत्र्यावरही तोच रंग फासलेला. खालची पाटी मी तीनदा वाचली. मला खरोखर वाटलं की ही काहीतरी गंमत आहे, आता तो मला स्टेजवर बोलावून खुलासा करेल.

त्याने भाषण केलं. ओढा तोच, म्हातारा तोच, सलाइनची खोकीही तीच. "उजव्या पायानं गिअर टाकतोय, डाव्या पायानं ब्रेक दाबतोय, समोर नुसता चिखल!" असं तो म्हणाला तेव्हा मला हसू फुटलं. गडी अजून बुलेटच चालवत होता. पण सभागृहात दुसरं कुणी हसलं नाही. बायका पदराने डोळे पुसत होत्या. मग त्याने सांगितलं की एका बाईचा चेहरा झाकायला त्याने आपला रुमाल दिला, आणि माझं हसू जिथल्या तिथे मेलं.

कार्यक्रमानंतर मी त्याच्या केबिनमध्ये गेलो. त्याने आधी दार लावून घेतलं.

"अरे, तुझी न् माझी गाडी काय वेगळी हाय का?" तो म्हणाला. "तुझ्या अंगणात सडून राहिली होती. इथं लाखो पोरं बघतील."

"गाडी जाऊ दे. तू गेला नव्हतास."

"पोरांना प्रेरणा लागती. मागं बसून खोकी धरली, म्हणून तुला कोण नमस्कार करंल?"

"आणि उस्ताद?"

त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता. "त्यांचं काय? मिस्त्री हायत ते. गाडी दुरुस्त करतात."

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या केबिनमध्ये कळलं. दुखत नाही लगेच. तो मला काजू खायला देत होता आणि मी एक उचललाही. गाडीच्या कागदावर त्याचं नाव होतं, सह्या माझ्या होत्या, चांगल्या वळणदार. तक्रार करायची तर काय करणार? मी न वाचता सही केली, अशी? भौतिकशास्त्राच्या मास्तराने?

शिवाय दुसरीही गोष्ट होती, ती लपवत नाही. त्या जूनमध्ये मुलगी अकरावीला गेली आणि तिला त्याच्याच क्लासच्या स्पेशल बॅचमध्ये बसायचं होतं. त्या बॅचमधली पोरं डॉक्टर होतात असं सगळं लातूर मानायचं आणि बॅचमध्ये कोण बसणार हे तो एकटा ठरवायचा. त्याचा फोन आला, "पोरीची काळजी करू नको. ती माझीच पोरगी हाय." बायको म्हणाली, "आता गाडीवरून भांडत बसू नका. तिची दोन वर्षं जाऊ द्या." मी मूग गिळून बसलो. उस्तादांनी फोनवर विचारलं तर म्हणालो, गाडी सरांकडे आहे, मजेत आहे.

"आठवड्याला चालू करतात ना?"

"हो, करतात."

दोन वर्षं जाता जाता कुणीतरी गावात कुजबुज सुरू केली की सर तेव्हा नायगावला होते. मित्र घरी आला, बऱ्याच दिवसांनी. क्लासचा वाढदिवस होता, मोठा कार्यक्रम होता. "तू तेव्हा माझ्या खोलीत राहत होतास. दोन शब्द बोल. तू बोललास की विषय मिटला." मुलीची प्रवेश परीक्षा तीन महिन्यांवर होती. निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, "शेवटच्या उजळणीला हिला पहिल्या बाकावर बसवणार हाय."

मी हो म्हणालो. पण त्या दिवसापासून मी मनाशी ठरवलं होतं की स्टेजवर खरं बोलायचं. सगळ्यांसमोर, माइकवर. बायकोलाही सांगितलं नाही. फक्त उस्तादांना फोन केला. "या लातूरला. मी सगळ्या लोकांसमोर तुमचं नाव घेणार आहे. भूकंपाचं सगळं सांगणार आहे." पलीकडे त्यांनी कुणाला तरी लेथ बंद करायला सांगितलं. मग ते म्हणाले, "तिचं बी सांगाल ना?"

"तिचंही सांगतो."

ते सकाळच्या एसटीने आले. पांढरा झब्बा, नवी टोपी, अत्तर लावलेलं. थकले होते, पण नखांतलं काळं तेल तसंच होतं. आधी मी त्यांना काचेपाशी नेलं. ते वाकून गाडीच्या पोटाखाली बघत राहिले. गाडी हलू नये म्हणून तिची फ्रेम लोखंडी पट्टीने चौथऱ्याला जोडून टाकली होती.

"सर, हिला वेल्डिंग केलं हो," ते म्हणाले. बस, एवढंच. मग म्हणाले, "चला, कुठं बसू?" मी त्यांना मधल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं, स्टेजवरून दिसतील असं.

माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेलो. पहिल्या रांगेत स्पेशल बॅच, सगळी पोरं-पोरी एकाच रंगाच्या टी-शर्टमध्ये, त्यात माझी मुलगी. ती माझ्याकडे बघून हसत होती. सरांविषयी तिच्या बापाने बोलावं, याचा तिला अभिमान वाटत होता. मित्र माझ्या बाजूच्या खुर्चीत पाय हलवत बसला होता. मी बोलायला सुरुवात केली. भूकंप झाला, आम्ही एका खोलीत राहायचो, पाऊस होता, रस्ते बंद होते. इथवर सगळं खरं होतं. पुढचं वाक्य मी आठवडाभर घोकलं होतं. ते माझ्या तोंडात होतं.

मी म्हणालो, "सर मोटरसायकल घेऊन गेले. मी साक्षीदार आहे."

एवढंही पुरलं असतं. पण टाळ्या सुरू झाल्या आणि मी थांबलो नाही. आठ दिवस सर घरी आले नाहीत, हेही मी सांगितलं. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलगी टाळ्या वाजवत होती. ती आज डॉक्टर आहे, चांगली डॉक्टर आहे, आणि तिला यातलं काही माहीत नाही. मधल्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती.

उस्ताद मला बसस्टँडवर सापडले. नांदेडची गाडी लागायची होती. मी धावत गेल्यामुळे धापा टाकत होतो आणि धापा टाकतच सांगत सुटलो: पोरीची परीक्षा, तीन महिने, शेवटची उजळणी, तुम्ही समजून घ्या. ते ऐकत होते. त्यांनी सरकून मला बाकावर जागा दिली.

"हाव, समजतंय. लेकराचं काम हाय."

मी चहा आणला. त्यांनी घेतला. शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, काहीतरी करावं असं मला वाटत होतं. त्यांनी कप रिकामा करून बाकाखाली ठेवला.

"एक बोलू का, सर? रागावू नका," ते म्हणाले. "तुम्ही त्यांना हँडलवर बसवलं, बसवा. मला मागं तरी बसवायचं होतं. बहीन माझी होती."